सदतीस सेंटिमीटर

बुऱ्हाणपूर
१६ ऑगस्ट २०२५

तृप्ती,

वर आशीर्वादाची ओळ घालणार होते. मग वाटलं, जिला तेरा वर्षांत पाहिलं नाही तिला आशीर्वाद देणं म्हणजे बंद शटरवर जाहिरात चिकटवणं. तेव्हा मुद्द्यावर येते.

तुझा पत्ता कविताने दिला. तिच्यावर रागावू नकोस. तुझी वर्गमैत्रीण असली तरी आधी माझी विद्यार्थिनी आहे, माझ्यासमोर तिला अजून खोटं बोलता येत नाही. हल्ली ती आपल्या शाळेत माझ्याच टेबलावर बसून फिजिक्स शिकवते. फळ्यावरचं अक्षर भयंकर आहे.

बाबा मार्चमध्ये गेले हेही तुला तिनेच कळवलं. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस आणि दुसऱ्याच्या फोनवरून पोटच्या मुलीशी बोलायची मला लाज वाटली. राजघाटावरचे अंत्यविधी सगळे भूपेंद्रने केले. पुतण्या असून मुलासारखं केलं, असं लोक चार-चारदा मला ऐकवून गेले. मुलीचं नाव कुणी काढलं नाही. सभ्य लोक.

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. मथुराबाई भांडी घासता घासता म्हणते, "बाई, एक बार रडून घ्या. नाही तं छातीत गाठ होईन." मी म्हटलं, झाली तर डॉक्टरला दाखवू.

तू कविताला पाठवलेला निरोप तिने मला वाचून दाखवला. "जिथे म्हणाली होती तिथेच उभी राहून सांगू दे की माझा आकडा खरा होता. मग मी येते." वाचताना तिचे कान लाल झाले होते. मी एवढंच म्हटलं, मराठी अजून शुद्ध लिहिते.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला लिहिल्याशिवाय विचार करता येत नाही, म्हणून लिहिते. जानेवारी २००९. जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन. तू बारावीत. कागदाला भोक पाडून त्यातून लेझर पॉइंटरचा प्रकाश सीडीवर सोडायचा. सीडी वीस सेंटिमीटरवर. तिच्यावरच्या बारीक रेघांमुळे प्रकाश परत येताना फुटतो आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना कागदावर लाल ठिपके पडतात. ठिपका भोकापासून किती लांब पडला ते मोजायचं. पुस्तकाप्रमाणे नऊच्या जवळपास यायला हवं. तू वहीत लिहिलं होतंस सदतीस.

मी विचारलं, "तीस सेंटिमीटरच्या पट्टीवर सदतीस कुठे वाचलंस?"

तू म्हणालीस, "टेप लावला होता, मॅम." शाळेत तू मला मॅमच म्हणायचीस.

सोमवारच्या प्रार्थनेला मी माइकवर सांगितलं की माझ्या मुलीने आकडे बनवले आहेत आणि म्हणून तिचं नाव मी स्वतः काढून घेते आहे. चारशे मुली होत्या. तू तिसऱ्या रांगेत होतीस. पुढे तू फिजिक्स सोडलंस, मग हे घर सोडलंस, आणि आता कोचीला कस्टम्समध्ये लोकांच्या पेट्या उघडतेस.

तर, मी प्रयोग पुन्हा मांडणार आहे. आकडा खरा निघाला तर सांगेन. खोटा निघाला तर तेही सांगेन. कुणाच्या अटीवर मी आकडा बदलत नाही.

मालती महाजन


२३ ऑगस्ट २०२५

तृप्ती,

तुझं सामान सापडलं. बाबांनी ते पत्र्याच्या पेटीत, त्यांच्या नेपानगरच्या कागद मिलमधून आणलेल्या कागदात गुंडाळून ठेवलं होतं. पॉइंटर, लाकडी ठोकळा, भिंग, आणि तीच तबकडी. वर मार्करने 'निरंजन शादी सीडी' लिहिलेलं. तुझ्या निरंजनमामाच्या लग्नाची, बुधवाऱ्यातल्या त्या फोटोवाल्याने दिलेली. लग्नात त्याने वधूपेक्षा जेवणाच्या पंगतीचं चित्रण जास्त केलं होतं, म्हणून ती तुला प्रयोगाला द्यायला कुणाची हरकत नव्हती.

आठवडाभर काही जमलं नाही. क्रमाने सांगते.

पॉइंटरचे सेल फुगले होते. नवीन घातले. उजेड आला. मधला ठिपका परत भोकाजवळ पडला, पण शेंगदाण्याएवढा फताडा. म्हणून समोर भिंग धरलं, पेटीतलंच, बारीक नक्षी जवळून बघायचं. त्याने आणखी बिघडलं. ठिपक्याची झाली लांब लाल मिशी. दोन दिवस मी भिंगालाच शिव्या घातल्या. मग कागदाची एक पुडी सापडली. त्यात बाबांच्या जुन्या वाचायच्या चष्म्याची एक काच. तेव्हा आठवलं, चष्म्याची काच कुठे हरवली म्हणून मी त्यांना किती बोलले होते. ती तू काढून घेतली होतीस आणि त्यांनी माझं सगळं निमूट ऐकून घेतलं होतं. नक्षीचं भिंग प्रकाश चार बोटांवर गोळा करतं आणि मग फाकवतं. चष्म्याची काच हातभर लांब गोळा करते. ती लावल्यावर ठिपका मोहरीएवढा झाला.

पण थरथरायला लागला. मागच्या गल्लीतले कापडाचे लूम. तुला आठवत असतील, या घरात पाण्याचा पेलासुद्धा स्वस्थ बसत नाही. लूम शुक्रवारी बंद असतात. म्हणून काल शुक्रवारी बसले. ठिपका खिळ्यासारखा स्थिर.

आणि बाजूला एकही ठिपका नाही. कागद साठ सेंटिमीटर रुंद, भोक बरोबर मध्ये. नऊवर काही नाही. पंधरावर नाही. तिसावर नाही. तबकडी मलमलने पुसली. ठोकळा सरळ केला. पडदे ओढले. काही नाही.

मथुराबाई दारातून बघत होती. "बाई, ये काय लावलं तुमी? मास्तरीण होत्या तवा पोरींना त्रास दिला, आता भिंतीला देता?"

मी म्हटलं, "झाडू मार आणि जा."

"ते लाल डोळ्यात गेलं तं आंधळ्या व्हाल. मंग मलाच हात धरून न्यावं लागन, अन् तुमी रस्त्यात बी माझ्या चुका काढाल."

मला तो तुझा खोटेपणाच वाटला. खरं सांगते, एक क्षण बरं वाटलं. मग तेही वाटेनासं झालं.

एक गोष्ट लिहून टाकते. बाबा दर दीड-दोन वर्षांनी गुडघा दाखवायला इंदूरला जायचे. तिथे तू कामानिमित्त यायचीस आणि स्टेशनवर दोघं भेटायचात, हे मला ठाऊक होतं. गुडघ्याची एकही चिठ्ठी त्यांनी कधी आणली नाही. मी डबा बांधून द्यायचे. तीन माणसांचा बांधायचे.

मालती महाजन


२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

तृप्ती,

ठिपका सापडला.

आज पुन्हा मांडलं. तोच प्रकार. कंटाळून सामान आवरणार, तेवढ्यात मथुराबाई म्हणाली, "ते बघा, फ्रिजवर काय डाग पडला."

डाग नव्हता. कागद साठ सेंटिमीटरचा, म्हणजे भोकापासून एका बाजूला तीसच. ठिपका कागदाच्या पलीकडे जाऊन फ्रिजच्या दारावर पडत होता. दुसऱ्या बाजूचा पडद्याच्या घडीत लपला होता. गेला आठवडाभर तो तिथेच असणार आणि मी कागदावर नाक घासत बसले होते.

कागदाला कागद जोडला. तीसची पट्टी पुरेना. शिवणाच्या डब्यातला टेप काढला. छत्तीस पूर्णांक आठ. दुसऱ्या बाजूला छत्तीस पूर्णांक नऊ. तीनदा मोजलं. तू सदतीस लिहिलं होतंस. दोन मिलीमीटर तू वर ढकललेस, ती सवय वाईटच. पण सदतीस खरं होतं.

कारणही सापडलं. तबकडीची कड नखाने तपासली, तर मधोमध एक रेघ. ब्लेड घातलं तशी ती बिस्किटासारखी दोन पापुद्र्यांत उघडली. सीडी अशी उघडत नाही, ती एकसंध असते. ही डीव्हीडी आहे. तिच्यावरच्या रेघा सीडीपेक्षा दुपटीहून दाट. रेघा जितक्या दाट तितका ठिपका लांब फेकला जातो. गणित करून पाहिलं. छत्तीस पूर्णांक आठच येतं. फोटोवाल्याला दोन्ही सारखंच, त्याने मार्कर उचलला आणि सीडी लिहून टाकलं. मी पुस्तक उघडलं आणि सीडीचा आकडा वाचला. तबकडीकडे कुणी बघितलंच नाही.

हे मला आज कळलं. आधी कळलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

काही वाटेल म्हणून थोडा वेळ खुर्चीत बसून राहिले. तासाभराने मथुराबाईने चहा पुढे ठेवला. तो प्यायले. साखर जास्त होती, ते सांगितलं.

कविताशी बोलले आहे. ती म्हणाली, "मॅम, टेन्शन नका घेऊ, मैं प्रिन्सिपल सिस्टर से बात करती हूँ. गणपती झाले की पुढच्या सोमवारी करून टाकू." करून टाकू. जसं काही नळ दुरुस्त करायचा आहे.

मालती महाजन


८ सप्टेंबर २०२५, सोमवार

तृप्ती,

आज सांगितलं. जिथे म्हणाले होते तिथेच.

पायऱ्या त्याच आहेत, फक्त फरशी बदलली आहे. आताच्या प्रिन्सिपल सिस्टर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी मला नमस्कार केला आणि घड्याळ बघितलं. "मैडम, दो मिनट में हो जाएगा न? फिर हिन्दी दिवस की रिहर्सल है."

मी दोन मिनिटांत उरकलं. सांगितलं की सोळा वर्षांपूर्वी याच जागी मी तृप्ती महाजन या बारावीच्या मुलीचे आकडे बनावट आहेत असं म्हणाले होते. आकडे बरोबर होते. चूक माझी होती. तबकडी कोणती आहे हे मी तपासलं नाही. शेवटी 'सॉरी, तृप्ती' असं म्हटलं, इंग्रजीत, कारण त्या माइकवर मी जन्मभर इंग्रजीच बोलले.

टाळ्या वाजल्या. मुलींना सवय आहे, प्रार्थनेनंतर जो बोलेल त्याच्यासाठी वाजवायच्या. माझ्याआधी एका मुलीने कचऱ्याच्या दोन डब्यांविषयी माहिती सांगितली, तिला जास्त वाजल्या.

खाली उतरले तर दुसऱ्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारलं, "मॅम, फिर उस दीदी को सिलेक्ट किया क्या?"

"नाही," मी म्हटलं.

"फिर?"

"ती कस्टम्समध्ये आहे."

"वॉव," ती म्हणाली, आणि रिहर्सलला पळाली.

कविताने फोनवर सगळं घेतलं आहे. तुला पाठवते म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. सिस्टर म्हणाल्या, अशी शिक्षिका आता कुठे मिळते. मी म्हटलं, सुदैवाने मिळत नाही. त्या हसल्या. त्यांना तो विनय वाटला.

रिक्षाने घरी आले. जेवले. भात उरला.

मालती महाजन


११ सप्टेंबर २०२५

तृप्ती,

काल संध्याकाळी कविता धावत आली. चप्पल दारात काढायचीही तिला शुद्ध नव्हती. "मॅम, तिकीट काढलं तिने! एकोणीसचं! व्हिडिओ तीन बार बघितला म्हणे!" मथुराबाईने आज सकाळीच तुझ्या खोलीतली गादी गच्चीत उन्हात टाकली. काल रात्री हा कागद पुढे ओढला आणि एक ओळही लिहू शकले नाही. आता दुपारचे दोन वाजले आहेत. लिहिते.

माझ्या २९ तारखेच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. हे मला आज कळलं, असं मी लिहिलं. मला ते तेव्हाच, २००९ च्या त्याच आठवड्यात कळलं होतं.

त्या सोमवारी मी माइकवर बोलले. गुरुवारी बाबा संध्याकाळच्या शटलने नेपानगरहून आले. दोन दिवस ते तुझी दुसरी तबकडी घेऊन फिरत होते. फोटोवाल्याने लग्नाच्या दोन दिल्या होत्या. मिलच्या प्रयोगशाळेत त्यांनी ती कडेने उघडली होती. डबाही न ठेवता ते स्वयंपाकघरात आले आणि ओट्यावर ते दोन पापुद्रे ठेवले.

"मालती, पोरीचं बरोबर आहे. ही सीडीच नाही. उद्या शाळेत सांगून टाक, नाव परत घाल."

मी म्हटलं, "नावं काल बंद झाली. आता सांगून काय उपयोग? तिला उगीच दोनदा त्रास."

ते म्हणाले, "काल झाली?"

"काल."

नावं शनिवारी दुपारपर्यंत घेत होते. फॉर्म माझ्याच पर्समध्ये होता.

ते मरेपर्यंत हेच समजत राहिले की उशीर झाला होता. तुलाही त्यांनी इंदूरच्या स्टेशनवर हेच सांगितलं असेल, की आईला कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी मला कधी खोटं बोलताना पकडलं नव्हतं, म्हणून त्यांना शंका आली नाही.

का, ते लिहिते. ते कारण आहे, सबब नाही. त्याच गुरुवारी दुपारी तेव्हाच्या प्रिन्सिपल सिस्टरनी मला ऑफिसात बोलावलं होतं. मला खुर्ची दिली आणि त्यांच्या स्वतःच्या कपातून चहा दिला. म्हणाल्या, स्वतःच्या मुलीला सोडलं नाही अशी शिक्षिका त्यांनी तीस वर्षांत पाहिली नाही, आणि त्या वर्षीच्या सत्कारासाठी त्या माझं नाव पाठवत आहेत. लहानपणापासून नन्सच्या हाताखाली वाढले मी. माझ्या वाट्याला ओरडा भरपूर आला, चहा कधी आला नव्हता. चार तासांनी बाबा पापुद्रे घेऊन आले. मला त्या खोलीत जाऊन तो चहा परत करायला हवा होता. केला नाही. सप्टेंबरात शाल आणि नारळ घेतला. तू तेव्हा इंदूरच्या होस्टेलवर होतीस.

मग आता प्रयोग कशाला मांडला, असं विचारशील. मी स्वतःच्या डोळ्यांनी तो ठिपका कधी पाहिला नव्हता. सोळा वर्षं मनात धरून होते की बाबा चुकले असतील. मिलचा माणूस, कागदाचा जाणकार, त्याला प्रकाशातलं काय कळतं. पहिल्या शुक्रवारी कागदावर काही पडलं नाही तेव्हा बरं वाटलं होतं, ते त्यासाठी.

या सोमवारी माइकवर मी चूक म्हणाले. चूक माणसाकडून होते. चुकीला मुली टाळ्या वाजवतात. तेव्हा मी सोमवार ते गुरुवार चुकले होते. त्यानंतरचं चूक नव्हे. ते मी तिथे सांगितलं नाही, जमलं नाही असंही नाही. सांगायचं नाही, हे घरून ठरवून गेले होते. मोजमाप बरोबर दाखवायचं आणि अडचणीचं वाचन वहीत घ्यायचंच नाही, याला आमच्या धंद्यात एकच शब्द आहे आणि तो मी तुझ्यासाठी वापरला होता.

तेव्हा तुझी अट पुरी झालेली नाही. तू ज्या व्हिडिओवर तिकीट काढलंस तो अर्धा आहे.

हे पत्र स्पीडपोस्टने टाकते. पोस्टातला माणूस म्हणाला, कोचीला पाच दिवस धरा. सोळाला तुझ्या हातात पडावं. गाडी एकोणीसची. रद्द करायला वेळ राहतो. मुद्दाम कविताच्या फोनवरून कळवत नाही, कारण ती मध्ये पडेल, रडेल, आणि तुला माझी दया येईल असं काहीतरी बोलेल.

काल कविता गेल्यावर मी सिस्टरना फोन केला. येत्या सोमवारी पुन्हा दोन मिनिटं मागितली. त्या म्हणाल्या, "अब क्या बाकी रह गया, मैडम?" मी म्हटलं, मुख्य भाग. त्या म्हणाल्या की मुलींसमोर अशा गोष्टी पुन्हा पुन्हा नकोत, शाळेचंही नाव आहे. मी म्हटलं, शाळेचं नाव तेव्हाही होतं. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. नाही म्हणाल्या तर मी फाटकाबाहेर उभी राहीन. मुली पावणेआठपासून येऊ लागतात. जितक्या थांबतील तितक्यांना सांगेन, मराठीत, हिंदीत, जे त्यांना कळेल त्यात. म्हातारी वेडी झाली असं म्हणतील. म्हणू देत, माझ्याविषयी यापेक्षा चांगलं आणि यापेक्षा खोटं पुष्कळ बोललं गेलं आहे.

तू आलीस किंवा नाही आलीस, सोमवारी मी बोलणार आहे. ते तुझ्या येण्याच्या बदल्यात नाही.

कविताला, कारण न सांगता, या वेळी फोन आणू नकोस म्हणून बजावलं आहे. पुरावा काही राहणार नाही. मी खरंच सगळं बोलले की पुन्हा अर्धंच, ते तुला माझ्या शब्दावर मानावं लागेल, किंवा मानू नकोस.

मालती महाजन